येतोजातो

शतक संपत आलं तेव्हा माझी लेक आठवीत होती आणि डोंबिवलीत स्टेशनच्या आसपास सायबर कॅफे निघायला लागलेले. एका मैत्रिणीबरोबर ती जाऊन आली आणि घरात शिरता शिरताच सुरू झाली, "आई, अगं तिथं सगळं फुकट शिकता येतं! चित्रं, इतिहास, ग्रहतारे, कुठलीही भाषा. कानाला हेडफोन लावायचे, तो एक वाक्य म्हणतो, मग थांबतो, मग आपण म्हणायचं. तू पण चल ना उद्या."

"येत नाही," मी म्हटलं.

"झालं तुझं नेहमीचं 'नाही' सुरू!" असं म्हणून ती फणकाऱ्यानं आत गेली. मी भाजी निवडत होते. कान तापले माझे. तो एक वाक्य म्हणतो आणि मग थांबतो, हे मला ती काय सांगणार होती! माझं फुकटचं शिक्षण तिच्या जन्माआधीच होऊन गेलेलं आणि त्याचा निकालही लागलेला. त्याची आठवण झाली की अजून मला पदर तोंडावर ओढावासा वाटतो.

माझं माहेर कोल्हापूरच्या बाजूचं. आमच्याकडं बाईमाणूससुद्धा 'मी येतो', 'मी जेवलो', 'मी झोपतो' असंच म्हणतं. आई म्हणायची, आजी म्हणायची, शाळेतल्या बाई म्हणायच्या. दुसरीबद्दल बोलताना 'ती आली, ती गेली', त्यात काही घोळ नाही. पण स्वतःचं आलं की 'आलो, गेलो'. जगात बायका याहून वेगळं बोलतात हे कानावर पडलेलं असणारच, रेडिओवर, सिनेमात. पण ते सिनेमातलं. सिनेमातल्या बायका घरातसुद्धा लिपस्टिक लावून असतात, तसंच हे, असं मी धरून चाललेले.

लग्न होऊन डोंबिवलीला आले त्याच आठवड्यातली गोष्ट. सासूबाई पुण्याच्या. मराठीच्या शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. मजल्यावरच्या बायका नवी सून बघायला आल्या होत्या. पोहे तयार होते आणि घरात कोथिंबीर नव्हती. मी मोठ्या उत्साहात पिशवी घेतली आणि दारातूनच सांगितलं, "आई, मी कोथिंबीर घेऊन येतो हां! ही बघा, आलोच."

 मग जो हशा पिकला! सासूबाई चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, येतो काय? येते म्हण, येते! आम्ही घरात सून आणली की जावई?"

जिना उतरून खाली गेले तरी वरचं हसणं ऐकू येत होतं. भाजीवालीपुढं उभी राहिले पण दिसत काहीच नव्हतं, डोळे भरलेले. हाताला लागली ती जुडी उचलली. घरी येऊन सोडली तर निम्मी पिवळी. त्यावर आणखी एकदा हसून झालं, आणि संध्याकाळपर्यंत मजल्यावर माझं नाव पडलं, येतोजातो. "काय गं, तुमची येतोजातो कुठाय?" असं दारात येऊन विचारायच्या. दुष्टपणानं नव्हे हो, लाडानंच. पण लाडाचं नावसुद्धा दिवसातून दहादा टोचलं की कातडी सोलवटते.

तुम्ही म्हणाल, मग 'येते' म्हणायला काय जात होतं? आमचे हेसुद्धा तेच म्हणायचे, "अगं, साधी एक मात्रा. काय जातं तुझं?" काय जातं ते मला सांगता यायचं नाही. 'मी येते' म्हटलं की मला मी कुणा दुसरीच्या साडीत उभी आहे असं व्हायचं. बरं, तेही एकदा करून पाहिलं. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईला निघताना म्हणून बसले, "येते गं." धाकटी बहीण टाळ्या पिटायला लागली. "लई शहाणी झालीस की! पुण्याची झालीस व्हय?" आई हसली नाही, पण तोंड उतरलं तिचं. म्हणजे इथं लाज आणि तिथंही लाज. धड इकडची नाही, धड तिकडची नाही.

मग मी एक युक्ती काढली. मराठी भाषेत अशा पुष्कळ जागा आहेत जिथं बोलणारा बाई आहे की बाप्या हे कळतच नाही. 'भाजी आणली', 'भांडी घासली', 'चहा केला'. इथं क्रियापद भाजीच्या, भांड्यांच्या, चहाच्या मागं जातं, माझ्याकडं बघतही नाही. 'येईन', 'जाईन' चालतं. आणि सगळ्यात बिनधोक म्हणजे नकार. 'मी येत नाही', 'मी जात नाही', हे कुणीही म्हणावं, सारखंच. हे व्याकरण शिकवलं असेल शाळेत, पण कामाला आलं ते असं. मी घरात त्याच वाटांनी चालायला लागले. बाजारात गेले होते म्हणायचं नाही, भाजी आणली म्हणायचं. दमले म्हणायचं नाही, दमायला झालं म्हणायचं. आणि कुणी विचारलं, सिनेमाला येतेस का, ठाण्यात खोपटला मावशींकडं जातेस का, की तोंडातून आधी 'येत नाही', 'जात नाही' निघून जायचं. जायचं असायचं हो मला! पण 'येतो' म्हणायची चोरी आणि 'येते' म्हणायचा संकोच. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. सगळे म्हणायला लागले, सून हेकेखोर आहे, कशालाच हो म्हणत नाही.

अशी घरी बसले म्हणून माझं कॉलेज सुरू झालं. खरं कॉलेज बी.ए.च्या पहिल्या वर्षावर सुटलेलं, लग्नासाठी. ते पुरं करायची फार हौस होती, पण विषय काढायचा म्हणजे बोलावं लागणार. त्यामुळे दुपारचं फुकटचं कॉलेज. टीव्हीवर दुपारी कॉलेजच्या पोरांसाठी कार्यक्रम लागायचा, इंग्रजीत. ज्वालामुखी कसा फुटतो, जुन्या राजांची नाणी, पक्षी दिशा कशी ओळखतात. निम्मं कळायचं, निम्मं चित्रं बघून जुळवायचं. आणि चार वाजता ट्रान्झिस्टर. शॉर्टवेव्हवर रशियाचं एक केंद्र लागायचं, त्यावर हिंदीतून रशियन भाषेचे धडे. फुकट. पत्र पाठवलं तर पुस्तकही फुकट घरी येईल असं ते रोज सांगायचे. मी पाठवलं नाही. परदेशी तिकिटाचं पाकीट सासूबाईंच्या हातात पडलं असतं, मग हे काय नि ते काय, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

शिकवणारा म्हातारा असावा. आवाज जड, घशात थोडी खरखर, की ती रेडिओची होती कोण जाणे. तो एक वाक्य म्हणायचा आणि थांबायचा. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून हळू आवाजात त्याच्यामागून म्हणायची. सासूबाई आतल्या खोलीत वामकुक्षीला. काय सांगू, त्या थांबण्याचं मला वेड लागलं! घरात मी बोलायला तोंड उघडलं की चार कान टवकारायचे, ही आता काय म्हणते बघू. आणि हा परका माणूस, इतक्या लांबून, माझ्यासाठी थांबायचा आणि हसायचा नाही. 'या प्रियेखल', म्हणजे मी आलो. हिंदीत तो सांगायचा, 'मैं आया'. मी म्हणायची, या प्रियेखल. आहाहा! मी आलो! त्या घरात पहिल्यांदा मी पोटातून म्हटलेलं वाक्य ते. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. उलट वाटलं, काय समजूतदार लोक आहेत, अगदी आमच्यासारखं बोलतात.

वर्षभरात एखाददुसराच धडा चुकला असेल. एकदा खाली गॅसची गाडी आली म्हणून रेडिओ तसाच चालू ठेवून धावले आणि सिलिंडर घेऊन येईपर्यंत धडा संपून बाजा वाजत होता. म्हटलं, एका धड्यानं काय होतंय.

आमचे हे कळव्याला एका कंपनीत होते. तिथं रशियन मशिनं आली आणि त्यांच्यामागून ती बसवायला इंजिनियर आले, बायकापोरांसकट. ठाण्यात त्यांची राहायची सोय केली. दुभाषा होता एक, दिल्लीहून आणलेला, पण तो कारखान्यात अडकलेला. त्या बायकांना बाजारात न्यायला, डॉक्टरकडे न्यायला बाईमाणूस हवं होतं. आठवड्यातून तीन दिवस, पगार देऊन. यांनी एकदा मला ओट्याशी पुटपुटताना ऐकलेलं. गेले आणि साहेबांना सांगून आले, माझ्या मिसेसला रशियन येतं.

मला घरी येऊन सांगितलं तेव्हा तोंडातून आधी 'येत नाही'च निघून गेलं. पण त्या रात्रीच्या जेवणाला मी न अडखळता एक वाक्य बोलले. म्हटलं, "हे काम मिळालं तर त्या पगारातून बाहेरून परीक्षेला बसून बी.ए. पुरं करीन." 'करीन' बिनधोक होतं. सासूबाईंनी भाताचा घास तसाच धरून माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाल्या. "मिळालं तर कर. मी फॉर्म आणून देते."

कंपनीचं स्नेहसंमेलन होतं, घरच्यांना आमंत्रण. साहेब म्हणाले, तिथंच त्या रशियन बायकांशी दोन शब्द बोलू द्या वहिनींना, म्हणजे ठरवून टाकू. मी आठ-पंधरा दिवस घोकत होते. मी डोंबिवलीहून आले. तुम्हाला भेटून आनंद झाला. मी रेडिओवरून शिकले. आनंद झाला याला ते म्हणायचे 'या रात'. रात म्हणजे आपली रात्र नव्हे, खूश. मी भाजी फोडणीला टाकतानासुद्धा या रात, या रात करत होते.

हॉलमध्ये मोठ्या टेबलाशी पाहुणे बसलेले. एका इंजिनियरच्या बायकोनं हौसेनं साडी नेसलेली, निऱ्या सगळ्या एका बाजूला. मला ती बघूनच बरी वाटली. साहेब, त्यांची बायको, यांचे दोस्त, सासूबाई, सगळे गोळा झाले. मी हात जोडले आणि मोठ्यानं, स्वच्छ म्हटलं, "या प्रियेखल डोंबिवलीहून..." तेवढं एक 'हून' मराठीत गेलं, पण पुढं सावरलं. "या रात."

ती बाई डोळे मोठे करून बघत राहिली. मग तोंडावर हात ठेवून खुदकन हसली आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली. तो हसला. मला वाटलं कौतुकानं हसतायत, म्हणून मी वेड्यासारखी पुढचं वाक्यही ठोकून दिलं. आता सगळे रशियन हसायला लागले. दुभाषा टेबलावर हात आपटत साहेबांना हिंदीत म्हणाला, "अरे साहब, ये तो मर्दों की तरह बोल रही हैं! कह रही हैं, मैं डोंबिवली से आया हूँ, मैं बहुत खुश हुआ!"

आया हूँ. तो हशा मी ओळखला. पोह्यांच्या दिवशीचाच तो, फक्त आता दोन-तीन भाषांतला. यांचा एक दोस्त म्हणालासुद्धा, "अरे, वहिनी तर भाऊ निघाल्या!" धरणी दुभंगावी म्हणतात ना, तसं झालं. मला पृथ्वीवर एकच जागा सापडलेली जिथं माझं बोलणं बरोबर होतं, आणि तिथंही मी येतोजातोच होते. मी सासूबाईंकडं पाहिलं. म्हटलं, आता या चष्मा काढतील आणि डोळे पुसतील.

त्यांनी चष्मा काढला नाही. चेहरा लालबुंद झालेला. दोन पावलं पुढं आल्या आणि त्या दुभाष्यासमोर उभ्या राहून त्यांच्या त्या पुणेरी हिंदीत कडाडल्या, "हसता क्या है? शरम नहीं आता? उसने घर में बैठके, रेडिओ से शिका है. तुम्हारे जैसा कॉलेज में जाके नहीं!"

दुभाष्याला राग आला नाही, आला असता तर बरं झालं असतं. तो गोड हसला. "माताजी, आता नहीं, आती. शरम नहीं आती. शरम स्त्रीलिंग है."

दुसरा हशा उठला. हा आमच्या लोकांचा होता, मराठी लोकांचा. मराठीत 'येत नाही' म्हटलं की लिंग लागत नाही, तीच सवय त्यांच्या जिभेवर होती. माझीच वाट, नकाराची, त्याही तिथंच घसरल्या. आयुष्यभर पोरांना लिंग, वचन, विभक्ती शिकवलेली बाई. त्या मागं वळल्या, खुर्ची चाचपली आणि बसल्या. मी त्यांना पाणी आणून दिलं तर त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मीही त्यांच्याकडं बघितलं नाही.

साहेब म्हणाले, "कळवतो." कळवलं नाही. ते काम दुसऱ्या कुणा बाईंना मिळालं. त्यांना रशियन येत नव्हतं, इंग्रजी येत होतं. परतीच्या बसमध्ये हे आपले म्हणत होते, "जाऊ दे, गंमत झाली." आम्ही दोघी दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसलेलो. बी.ए.चा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मी रेडिओ लावायचा सोडला. चार वाजले की ओटा पुसायची, पुसलेला पुन्हा पुसायची. माझी लाज मला सवयीची होती. पण माझ्यापायी त्यांची लाज गेली, हे मला गिळता येईना. मजल्यावरच्या बायकांना कुणीतरी सगळं सांगितलेलंच. एक जण दारात येऊन हसत म्हणाली, "काय, येतोजातोनं म्हणे रशियातपण येतो-जातो केलं?" सासूबाईंनी नुसतं दार लावून घेतलं.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी मी ओट्याशीच होते. आतून आवाज आला.

"अगं, चार वाजून गेले."

मला कळेना. चारला त्यांना चहा नको असतो. चारला त्या झोपलेल्या असतात.

"रेडिओ लाव," त्या म्हणाल्या.

लावला. धड्यांची नवी फेरी सुरू झालेली, पुन्हा पहिल्यापासून. तोच जड आवाज. थोडे नमस्कार-चमत्कार झाले आणि तो म्हणाला, "या प्रियेखल." आणि थांबला. नेहमीसारखा, माझ्यासाठी थांबला. माझे ओठ हलेनात. तेवढी जागा तशीच रिकामी जाऊ लागली.

आतून, पलंगावरून, वर्गात म्हणतात तसा स्पष्ट आवाज आला, "प्रियेखला. बाईनं म्हणताना शेवटी आ."

मी पदराला हात पुसत दारात जाऊन उभी राहिले. त्या भिंतीकडं तोंड करून पडलेल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तू सिलिंडरला खाली गेलेलीस ना, त्या दिवशी सांगितलंन त्यानं. रेडिओ चालूच होता."

म्हणजे वर्षभर, रोज, त्या जाग्या होत्या. माझं पुटपुटणं ऐकत होत्या. मला एकदम रागच आला. आवाज चढला माझा. "मग सांगितलं का नाहीत मला? एवढी शोभा झाली माझी! मराठीत तर पहिल्या आठवड्यात चार बायकांसमोर सांगितलंत!"

 रेडिओवरचा म्हातारा पुढच्या वाक्यावर गेलेला.

"मराठीत सांगितलं," त्या म्हणाल्या, "आणि तू बोलायचीच बंद झालीस. भाजी आणली, चहा केला, येत नाही, जात नाही. मला कळत नव्हतं का? व्याकरण शिकवलंय मी जन्मभर. म्हटलं, तिथं तरी बोलू दे."

 अशी लाज मला त्या हॉलमध्येही वाटली नव्हती. मी स्वयंपाकघरात आले, रेडिओ बारीक केला. तिथंच उभी राहिले. मग खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या, दार उघडलं.

"आई, भाजी घेऊन येतो," मी म्हटलं.

"कोथिंबीर नीट बघून घे," त्या आतून म्हणाल्या.